चौपाटीचे पाणी मोजतात कसे आणि घाणीचा माग काढतात कसा

फेब्रुवारी २०२५ मध्ये प्रयागराजचा महाकुंभ सुरू असताना ‘फीकल कोलिफॉर्म’ (विष्ठेतून पाण्यात येणारे जीवाणू) हा प्रयोगशाळेतला शब्द अचानक घरोघरी पोहोचला. संगम परिसरातील पाणी निरनिराळ्या दिवशी स्नानाच्या निकषात बसत नव्हते, असे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने राष्ट्रीय हरित लवादाला सादर केलेल्या अहवालात म्हटले होते. त्याच मंडळाच्या नंतरच्या अहवालात मात्र, सगळ्या नमुन्यांचे सांख्यिकी विश्लेषण केले असता पाणी स्नानायोग्य ठरते, असा निष्कर्ष होता. एकाच पाण्याबद्दल ही दोन विधाने कशी होऊ शकतात, असा प्रश्न अनेकांना पडला आणि तो रास्त होता.

हाच गोंधळ मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यांबाबत वर्षानुवर्षे चालू आहे. गिरगाव, दादर, जुहू, वर्सोवा येथील पाण्यात मैलाजन्य जीवाणूंचे प्रमाण निकषाच्या कित्येक पट आढळल्याच्या बातम्या नेमाने येतात, आणि त्याच किनाऱ्यांवर संध्याकाळी हजारो माणसे गुडघाभर पाण्यात उभी असतात. पाणी मोजतात म्हणजे काय करतात, मिळालेल्या आकड्यावर किती विसंबावे आणि घाण नेमकी कुठून आली हे कसे ठरवतात, हे समजून घेतले तर या बातम्या वाचण्याची दृष्टी बदलते. माझ्या मते आपल्याकडे आकडे बऱ्यापैकी गोळा होतात. त्या आकड्याचा हात धरून नाल्याच्या उगमाकडे चालत जाण्याचे काम मात्र फार कमी होते, आणि पाणी सुधारायचे असेल तर खरे काम तेच आहे.

रोगजंतू मोजत नाहीत, त्यांची खूण मोजतात

मैलामिश्रित पाण्यातून माणसाला कॉलरा, विषमज्वर, कावीळ, हगवण असे अनेक आजार होऊ शकतात. प्रत्येक आजाराचा जंतू वेगळा, त्याला ओळखण्याची चाचणी वेगळी, आणि त्यांतले बरेचसे जंतू पाण्यात इतके विरळ असतात की भरपूर पाणी गाळल्याशिवाय सापडत नाहीत. म्हणून शास्त्रज्ञांनी एक आडमार्ग शोधला. स्वयंपाकघरात उंदीर प्रत्यक्ष दिसला नाही तरी फडताळात लेंड्या दिसल्या की तो घरात वावरतो हे आपल्याला कळते. त्याचप्रमाणे माणसाच्या आणि इतर उष्ण रक्ताच्या प्राण्यांच्या आतड्यांत कोट्यवधींच्या संख्येने राहणारे काही जीवाणू पाण्यात सापडले, तर त्या पाण्यात विष्ठा मिसळली आहे हे कळते. विष्ठा आली म्हणजे तिच्यासोबत रोगजंतूही आलेले असू शकतात. या जीवाणूंना दर्शक जीवाणू म्हणतात. ते स्वतः बहुधा निरुपद्रवी असतात.

फीकल कोलिफॉर्म हा अशा दर्शकांचा एक गट आहे. ई. कोलाय हा त्याच गटातला सर्वांत परिचित जीवाणू. प्रयोगशाळेत नमुन्याचे निरनिराळ्या प्रमाणांत पातळ केलेले थेंब पोषक द्रावणाच्या नळ्यांत घालून त्या ४४.५ अंश सेल्सिअसला ठेवतात. एवढ्या उष्णतेत आतड्यातले जीवाणू वाढतात, मातीतले बहुतेक कोलिफॉर्म मागे पडतात. किती नळ्यांत वायू तयार झाला हे पाहून, ठरलेल्या तक्त्यावरून १०० मिलिलिटर पाण्यात जीवाणू किती असण्याची शक्यता सर्वाधिक आहे ते काढतात. बातम्यांमध्ये आकड्याच्या पुढे ‘एमपीएन’ अशी अक्षरे दिसतात, त्यांचा अर्थ हाच. म्हणजे तो आकडा मोजलेला नसून अंदाजलेला असतो, आणि या पद्धतीत खरी संख्या छापलेल्या आकड्याच्या एक-तृतीयांशापासून तिपटीपर्यंत कुठेही असू शकते. एका ठिकाणी ९० आणि दुसऱ्या ठिकाणी १२० आले म्हणून पहिले पाणी शुद्ध आणि दुसरे अशुद्ध, असे म्हणता येत नाही. पण निकष १०० चा असताना १० हजार आले, तर मोजणीतली कोणतीही त्रुटी त्याचे समर्थन करू शकत नाही.

शंभर की अडीच हजार?

भारतात समुद्राच्या पाण्याचे वापरानुसार पाच वर्ग केले आहेत. त्यांपैकी स्नान, पाण्यातले खेळ आणि व्यावसायिक मासेमारी यांसाठीच्या दुसऱ्या वर्गात १०० मिलिलिटरमागे १०० फीकल कोलिफॉर्म ही मर्यादा आहे. नदीतील स्नानासाठी इष्ट मर्यादा ५०० आणि कमाल मर्यादा २,५०० आहे. त्यामुळे कुंभाच्या बातमीतला निकष चौपाटीला लावणे चूक, आणि चौपाटीचा कुंभाला लावणेही चूक. वाचकाने आकडा पाहताना तो कोणत्या पाण्याचा आहे, हे आधी विचारावे.

समुद्रासाठी मर्यादा कडक असण्यामागे एक कारण सहज दाखवता येते. खारे पाणी आणि ऊन यांत कोलिफॉर्म जीवाणू लवकर मरतात, पण काही विषाणू त्यांच्यापेक्षा बराच काळ तग धरतात. म्हणजे खूण पुसली जाते आणि धोका मागे उरतो. याच कारणामुळे जगात अनेक ठिकाणी समुद्रासाठी एन्टरोकोकाय नावाचा दुसरा दर्शक वापरतात, कारण तो खाऱ्या पाण्यात अधिक टिकतो. ब्रिटनमध्ये १९८९ ते १९९२ या काळात चार किनाऱ्यांवर एक धाडसी प्रयोग झाला. हजाराहून अधिक प्रौढ स्वयंसेवकांची चिठ्ठ्या टाकावी तशी विभागणी करून काहींना समुद्रात उतरवले, काहींना किनाऱ्यावर बसवले आणि पुढे कोण आजारी पडले याची नोंद ठेवली. पोटाच्या विकारांचे प्रमाण पाण्यातील याच गटातल्या जीवाणूंच्या संख्येबरोबर वाढत गेलेले दिसले. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांना या अभ्यासाचा मोठा आधार आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१२ मध्ये समुद्रासाठी सुचवलेला निकष १०० मिलिलिटरमागे सरासरी ३५ एन्टरोकोकाय असा आहे. आपल्या मूळ निकषाचा आधार अजूनही फीकल कोलिफॉर्म हाच आहे. तो बदलणे योग्य ठरेल, पण त्याची वाट पाहत थांबण्याचे कारण नाही. आपल्या किनाऱ्यांवरची घाण जुन्या दर्शकालाही लख्ख दिसते.

बाटली केव्हा आणि कुठे भरली?

नमुना घेण्याची रीत साधी असली तरी तीत शिस्त लागते. निर्जंतुक बाटली घेऊन साधारण कमरेइतक्या पाण्यात जायचे, बाटली उपडी धरून पृष्ठभागाखाली सुमारे ३० सेंटिमीटरवर नेऊन सुलटी करायची, येणाऱ्या प्रवाहाकडे तोंड करून भरायची, लगेच बर्फात ठेवायची आणि सहा-आठ तासांच्या आत प्रयोगशाळेत तपासायला सुरुवात करायची. उशीर झाला किंवा बाटली उन्हात राहिली की आकडा बदलतो.

त्याहून मोठा प्रश्न वेळेचा आहे. मुंबईत उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीतला फरक पाच मीटरच्या आसपास जातो. भरतीच्या वेळी समुद्राचे पाणी नाल्यांत शिरते आणि नाल्यातले पाणी अडून राहते. ओहोटी लागली की हे साठलेले पाणी एकदम किनाऱ्यावर उतरते. म्हणून सकाळी भरतीला घेतलेला नमुना आणि दुपारी ओहोटीला घेतलेला नमुना यांच्यात दहापट फरक पडणे अजिबात अशक्य नाही. त्यात ऊन, वारा आणि पाऊस यांची भर पडते. भर दुपारच्या उन्हात जीवाणू झपाट्याने मरतात. पावसाळ्यात आभाळ झाकलेले आणि पाणी गढूळ असल्याने ते टिकतात, शिवाय पाऊस शहरातली सगळी घाण धुऊन आणतो. कुंभाच्या दोन अहवालांतल्या विसंगतीचे मूळही इथेच आहे: ठिकाण, दिवस आणि वेळ बदलली की आकडा बदलतो, आणि अनेक आकड्यांचे मध्यमान काढले की वाईट दिवस त्यात दिसेनासे होतात. पण माणूस मध्यमानात पोहत नाही. तो एका ठरावीक दिवशी, एका ठरावीक जागी पाण्यात उतरतो.

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ राष्ट्रीय कार्यक्रमाअंतर्गत मुंबईच्या किनाऱ्यावरील ठरलेल्या ठिकाणांहून नियमित नमुने घेते, गणेशोत्सवात विसर्जनाच्या आधी, दरम्यान आणि नंतरही घेते. वर्षानुवर्षांचा कल समजण्यासाठी ही माहिती मोलाची आहे. आज पाण्यात उतरावे का, हे सांगण्यासाठी ती पुरेशी नाही. जीवाणू वाढवून मोजायला किमान एक ते तीन दिवस जातात, म्हणजे हातात येणारा आकडा नेहमी कालच्या किंवा परवाच्या पाण्याचा असतो. ही अडचण सोडवण्यासाठी कॅलिफोर्नियातील सॅन दिएगो परगण्याने २०२२ पासून जीवाणू वाढवण्याऐवजी त्यांचा डीएनए थेट मोजणारी चाचणी सुरू केली. तिचा निकाल त्याच दिवशी मिळतो. ही साधने आपल्या प्रयोगशाळांना अपरिचित नाहीत. कोविडच्या काळात गावोगावी ज्या आरटी-पीसीआर यंत्रांची नावे सर्वांच्या तोंडी झाली, त्यांच्याच जातीची ही यंत्रे आहेत.

निर्देशांक चांगला, पाणी वाईट

अहवालांत अनेकदा एकच ‘जल गुणवत्ता निर्देशांक’ दिलेला असतो. त्यात चार गोष्टींना वजन दिलेले असते: पाण्यात विरघळलेला प्राणवायू ०.३१, फीकल कोलिफॉर्म ०.२८, सामू म्हणजे आम्लता ०.२२ आणि सेंद्रिय घाण कुजताना लागणारा प्राणवायू ०.१९. हा निर्देशांक नद्यांसाठी ठीक आहे. पण उघड्या किनाऱ्यावर लाटा सतत हवा घुसळत असल्याने प्राणवायू बहुधा पुरेसा असतो, आणि समुद्राचा सामू त्यातील क्षारांमुळे ८ च्या आसपास स्थिर राहतो. म्हणजे निम्म्याहून अधिक वजन अशा गोष्टींना गेले, ज्या समुद्र आपल्या स्वभावानेच बऱ्या राखतो. पोहणाऱ्याच्या दृष्टीने निर्णायक असलेला जीवाणूंचा आकडा या बेरजेत दबून जातो. चौपाटीसाठी हा निर्देशांक वापरू नये आणि मूळ आकडाच जाहीर करावा, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

मुंबईच्या समुद्रात घाण येते कोणत्या वाटेने?

शहराच्या पोटात पाण्याच्या दोन वेगळ्या व्यवस्था आहेत. मलनिस्सारण वाहिन्या संडास-मोरीचे पाणी प्रक्रिया केंद्रांकडे नेतात; पर्जन्यजल वाहिन्या आणि नाले पावसाचे पाणी थेट समुद्रात किंवा खाडीत सोडतात. कागदावर दोन्ही स्वतंत्र आहेत. प्रत्यक्षात ज्या वस्त्यांपर्यंत मलवाहिनी पोहोचलेलीच नाही, तिथले सांडपाणी नाल्यात जाते. कुठे इमारतीची जोडणी चुकीच्या वाहिनीला झालेली असते. कुठे जुनी मलवाहिनी फुटून शेजारच्या पर्जन्यजल वाहिनीत पाझरत असते. याची सर्वांत सोपी परीक्षा कोणालाही घेता येते: एप्रिल-मे महिन्यात, महिनोन्‌महिने पाऊस नसताना जो पर्जन्यजल नाला वाहत असतो, त्यात वाहणारे पाणी पावसाचे नाही.

मुंबईत पर्जन्यजल समुद्रात सोडणारी १८६ पातमुखे असल्याची नोंद आहे आणि त्यांपैकी ४५ सरासरी समुद्रपातळीच्याही खाली आहेत. मिठी नदी माहीमच्या खाडीत उतरते. ओशिवरा, पोयसर आणि दहिसर या नद्याही पश्चिमेच्या खाड्यांना मिळतात. भरतीच्या वेळी पाणी शहरात तुंबू नये म्हणून इर्ला, लव्हग्रोव्ह, हाजीअली, गझदरबंध अशा ठिकाणी पाणी पंपाने उपसून समुद्रात सोडणारी उदंचन केंद्रे उभारली. ती पुरापासून शहराचे रक्षण करतात, हे त्यांचे काम महत्त्वाचे आहे. पण पंप पाण्याची जात पाहत नाहीत. नाल्यात जे आहे तेच समुद्रात जाते.

या सगळ्याचा परिणाम एका हिशेबाने स्पष्ट होतो. प्रक्रिया न केलेल्या ताज्या सांडपाण्यात १०० मिलिलिटरमागे साधारण १० लाख ते १ कोटी फीकल कोलिफॉर्म असतात. १ कोटीचे १०० वर आणायचे तर ते पाणी एक लाखपट पातळ व्हावे लागते. म्हणजे एक लिटर सांडपाणी निकषात बसवायला एक लाख लिटर स्वच्छ समुद्र खर्ची पडतो.

माग काढण्याची पद्धत

किनाऱ्यावर आकडा जास्त आला की पहिले काम यंत्रांचे नसून पायांचे असते. किनाऱ्याला मिळणारा प्रत्येक नाला, पाइप, ओहोळ, संडासाची टाकी, गोठा आणि कचऱ्याचा ढीग नकाशावर मांडावा लागतो, आणि कोरड्या दिवसांत कोणता वाहतो ते पाहावे लागते. मग नाल्याच्या मुखापासून वरच्या दिशेने, प्रत्येक फाट्यापाशी दोन्ही शाखांतले नमुने घेत जायचे. एका शाखेत आकडा कमी, दुसरीत जास्त, तर दुसरीने पुढे चालायचे. असे करत एका गल्लीपर्यंत, कधी एका मॅनहोलपर्यंत पोहोचता येते.

इथे एक चूक वारंवार होते. केवळ जीवाणूंची दाटी पाहून दोषी ठरवता येत नाही. त्या प्रवाहाचे आकारमानही मोजावे लागते. समजा, एका बारीक पाइपातून सेकंदाला अर्धा लिटर पाणी येते आणि त्यात १०० मिलिलिटरमागे १० लाख जीवाणू आहेत. शेजारच्या मोठ्या नाल्यात फक्त १ लाख आहेत, पण तो सेकंदाला ५०० लिटर वाहतो. समुद्रात पडणारा जीवाणूंचा एकूण भार नाल्याचा शंभरपट आहे. पाइप बुजवून छायाचित्र काढता येईल, पण किनारा तसाच राहील.

पुढचा प्रश्न, विष्ठा कोणाची? फीकल कोलिफॉर्म माणसाच्याही पोटातून येतात आणि गाय, कुत्रा, समुद्रपक्षी यांच्याही. माणसाचा मैला सर्वांत धोकादायक, कारण माणसाला होणारे विषाणूजन्य आजार मुख्यतः माणसाकडूनच येतात. म्हणून डीएनए चाचणीत अशा जीवाणूंचा शोध घेतात, जे एकाच प्राण्याच्या आतड्यात प्रामुख्याने राहतात. माणसासाठी ‘एचएफ १८३’ नावाची खूण जगभर वापरली जाते. गाय, कुत्रा आणि समुद्रपक्षी यांच्यासाठी वेगळ्या खुणा आहेत. एक खूण तर आपल्याला विशेष जवळची आहे. मिरचीच्या झाडाला होणारा एक विषाणू मिरची आणि तिच्यापासून केलेल्या पदार्थांतून माणसाच्या पोटात जातो, तिथे काहीही अपाय न करता बाहेर पडतो आणि सांडपाण्यात प्रचंड संख्येने सापडतो. २००९ पासून शास्त्रज्ञ त्याचा उपयोग मानवी मैल्याची खूण म्हणून करू लागले.

या खुणा परदेशात तपासून निश्चित झाल्या आहेत, म्हणून त्या आपल्याकडे तशाच लागू पडतील असे गृहीत धरता येत नाही. माणसाची म्हणून ठरवलेली खूण कधी कुत्र्याच्या किंवा कोंबडीच्या विष्ठेतही आढळते, आणि आपल्याकडे माणसे, गुरे आणि कोंबड्या एकाच अंगणात वावरतात. ओडिशातील गावांमध्ये अशा खुणांची पडताळणी झालेली आहे; कोकणासाठी, मुंबईसाठी ती स्थानिक नमुन्यांवर करावीच लागेल.

डीएनएच्या जोडीला रसायनेही साक्ष देतात. कपड्यांच्या साबणातील शुभ्रता आणणारे द्रव्य अतिनील प्रकाशात चमकते आणि ते गुरांच्या शेणात नसते. चहा-कॉफीतील कॅफीन आणि साखरेऐवजी वापरला जाणारा सुक्रालोज हेही माणसाच्याच वापराचे पुरावे आहेत. शेवटी संशय एखाद्या इमारतीवर किंवा वाहिनीवर स्थिरावला की तिथल्या संडासात निरुपद्रवी रंग ओतून तो कोणत्या मुखातून बाहेर येतो ते पाहतात. ही जुनी, स्वस्त आणि वादातीत चाचणी आहे. रंग नाल्यात दिसला की पुढे चर्चेला जागा उरत नाही.

हंटिंग्टन बीचचा उन्हाळा

माग काढणे किती चकवणारे असू शकते, याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण कॅलिफोर्नियातील हंटिंग्टन बीचचे आहे. १९९९ च्या उन्हाळ्यात, ऐन पर्यटनाच्या हंगामात, जीवाणूंचे आकडे वाढल्याने या किनाऱ्याचा मोठा भाग आठवडेच्या आठवडे बंद ठेवावा लागला. पहिला संशय फुटलेल्या मलवाहिनीवर गेला. वाहिन्या तपासल्या, पण समाधानकारक उत्तर मिळाले नाही. मग सात-आठ किलोमीटर आत समुद्रात सांडपाणी सोडणाऱ्या नळाकडे बोट गेले. जवळच्या वीजकेंद्राचे थंडाव्यासाठी वापरलेले पाणी त्या सांडपाण्याला किनाऱ्याकडे ओढत असेल, असाही विचार झाला. दरम्यान, किनाऱ्यालगतच्या टॅल्बर्ट नावाच्या दलदलीचा अभ्यास करणाऱ्यांना दिसले की तिथे पक्ष्यांची विष्ठा, वनस्पती आणि गाळ यांतून एन्टरोकोकाय मोठ्या प्रमाणात येतात आणि ओहोटीबरोबर किनाऱ्यावर जातात.

या प्रकरणात लाखो डॉलर खर्च झाले आणि एकच एक दोषी ठामपणे सापडला नाही. तरीही ती मेहनत वाया गेली नाही. पाण्याचा आकडा काही मिनिटांतही कसा बदलतो, भरती-ओहोटीच्या कोणत्या टप्प्यात तो वाढतो, हे तिथल्या मोजणीतून प्रथमच तपशिलात कळले. सांडपाणी सोडणाऱ्या संस्थेने २००२ मध्ये ते निर्जंतुक करण्यास सुरुवात केली आणि पूर्ण प्रक्रियेकडे वळण्याचा निर्णय घेतला. संशयितांपैकी जो आपल्या हातात आहे त्याचा बंदोबस्त आधी करावा, ही त्यांची भूमिका मला शहाणपणाची वाटते.

मुंबईत मात्र कोडे इतके अवघड नाही. हंटिंग्टनला दोषी शोधायला दलदलीतील पक्षी मोजावे लागले. इथे नाला काळा होऊन डोळ्यांसमोर वाहतो.

वाळूतच जीवाणू वाढत असतील तर?

हा आक्षेप बिनबुडाचा नाही. हवाई बेटांसारख्या उष्ण प्रदेशांत मातीत आणि ओल्या वाळूत दर्शक जीवाणू ताज्या विष्ठेशिवायही वाढू शकतात, हे सिद्ध झाले आहे. म्हणून तिथे क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स नावाच्या, वाळूत न वाढणाऱ्या जीवाणूची जोड घेतात. आपला किनाराही उष्णच आहे. पण अशा नैसर्गिक वाढीचे कारण देऊन हात झटकण्याआधी मानवी खुणेची चाचणी करावी. ती सापडली तर वाळूला दोष देता येत नाही.

दोष विसर्जनाचा आहे का?

गणेश विसर्जनानंतर किनाऱ्यावर दिसणारे दृश्य क्लेशदायक असते, आणि प्लास्टर ऑफ पॅरिस, रासायनिक रंग, निर्माल्य यांचा पाण्यावर परिणाम होतो, हे खरेच आहे. केंद्रीय मंडळाने २०१० मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आणि २०२० मध्ये त्या सुधारल्या, त्या याचसाठी. परंतु मूर्तीतून मैल्याचे जीवाणू येत नाहीत. विसर्जनाचे प्रदूषण काही दिवसांचे आणि वेगळ्या जातीचे आहे. पाण्याला स्नानासाठी अयोग्य ठरवणारा आकडा नाल्यांतून वर्षभर येतो. किनाऱ्यावरच्या प्लास्टिकबाबतही हेच म्हणता येईल. २०१५ मध्ये वर्सोव्यात सुरू झालेल्या स्वच्छता मोहिमेने वाळू मोकळी केली, त्याबद्दल त्या नागरिकांचे ऋण मानले पाहिजेत. पण स्वच्छ वाळूसमोरचे पाणी स्वच्छ असेलच असे नाही. मुंबईचे पाणी गढूळ दिसते ते बरेचसे भरतीने ढवळलेल्या चिखलामुळे. उलट कोकणातल्या निळ्याशार पाण्यातही जवळच्या ओढ्यातून मैला येत असू शकतो. डोळ्यांना जीवाणू दिसत नाहीत.

नवी प्रक्रिया केंद्रे झाली की प्रश्न मिटेल का?

मुंबईत वरळी, वांद्रे, मालाड, वर्सोवा, घाटकोपर, भांडुप आणि धारावी या सात ठिकाणी मिळून दररोज २,४६४ दशलक्ष लिटर क्षमतेची मलजल प्रक्रिया केंद्रे उभारण्याचा प्रकल्प हाती घेतला गेला आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याचे भूमिपूजन झाले. आजवर वरळी आणि वांद्रे येथून जुजबी प्रक्रियेनंतरचे सांडपाणी सुमारे साडेतीन किलोमीटर आत समुद्रात सोडले जात आले आहे. त्यामुळे हा प्रकल्प अत्यंत गरजेचा आहे, यात शंका नाही.

पण दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतील. दुय्यम पातळीपर्यंतची प्रक्रिया, म्हणजे गाळ बसवल्यानंतर सूक्ष्मजीवांकडून सेंद्रिय घाण कुजवून घेणे, साधारण ९० ते ९९ टक्के जीवाणू कमी करते. ऐकायला हे पुष्कळ वाटते. १ कोटीतून ९९ टक्के गेले तरी १ लाख उरतात, म्हणजे स्नानाच्या निकषाच्या हजारपट. म्हणून शेवटी क्लोरीन, अतिनील किरण किंवा ओझोन यांनी निर्जंतुकीकरण करावेच लागते. दुसरी गोष्ट अधिक मूलभूत आहे. केंद्रात पोहोचलेल्या सांडपाण्यावरच प्रक्रिया होते. ज्या वस्तीला मलवाहिनी नाही, तिचे पाणी केंद्र कितीही मोठे बांधले तरी नाल्यातूनच जाणार. नाल्याचे कोरड्या दिवसांतले पाणी अडवून मलवाहिनीत वळवणे आणि वस्त्यांना जोडण्या देणे ही कामे केंद्रांइतकीच निकडीची आहेत.

कोकणात आणि गोव्यात चित्र थोडे वेगळे आहे. तिथे मोठे नाले कमी. पण किनाऱ्यालगतची हॉटेले, निवासे आणि घरे सेप्टिक टाकी आणि शोषखड्ड्यावर अवलंबून असतात. वाळूत भूजल उथळ असते, आणि हंगामात वर्दळ वाढली की टाकीतले पाणी नीट न मुरता त्या भूजलातून किनाऱ्याकडे सरकते. तिथे माग काढताना समुद्राबरोबर जवळच्या विहिरींचेही नमुने घ्यावे लागतात, आणि तेवढ्याच काळजीने हेही पाहावे लागते की मैला उपसणारे टँकर कुठे रिकामे होतात.

मग पाण्यात उतरायचे की नाही?

रोजचा आकडा जाहीर होत नाही तोवर काही नियम प्रत्येकाला पाळता येतील. मोठ्या पावसानंतर निदान तीन दिवस पाण्यात उतरू नये. कॅलिफोर्नियात आरोग्य विभाग पावसानंतर ७२ तासांचा हाच सल्ला देतात. नाल्याच्या मुखापासून दूर राहावे. सांता मोनिकाच्या उपसागरात १९९५ मध्ये झालेल्या पाहणीत पर्जन्यजल नाल्याच्या मुखासमोर पोहणाऱ्यांमध्ये, तिथून सुमारे ४०० मीटर लांब पोहणाऱ्यांच्या तुलनेत, काही आजारांचे प्रमाण दीडपटीच्या आसपास आढळले होते. ओहोटीपेक्षा भरतीची वेळ बरी, कारण त्या वेळी खुल्या समुद्राचे पाणी किनाऱ्याकडे येत असते. डोके बुडवू नये, पाणी तोंडात जाऊ देऊ नये, अंगावर उघडी जखम असल्यास उतरूच नये, आणि बाहेर आल्यावर भेळेच्या गाडीकडे वळण्याआधी हात साबणाने धुवावेत.

लहान मुलांबाबत अधिक सावध असावे. ती काठाशी, उथळ पाण्यात खेळतात, वाळू उकरतात आणि हात तोंडात घालतात; जीवाणूंची दाटी नेमकी तिथेच जास्त असते. वाळूवरून समुद्राकडे जाणारा घोटाभर पाण्याचा ओहोळ आईवडिलांना लाटांपेक्षा सुरक्षित वाटतो. तो पावसाळ्याबाहेरही वाहत असेल, तर मुलांना त्यात सोडण्याआधी मागे वळून तो कोणत्या भिंतीखालून येतो ते पाहावे, आणि ती जागा महापालिकेला किंवा ग्रामपंचायतीला लेखी कळवावी.